युरोपचा कार्बन हिशेब आणि चाकणचा बोल्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचा चाकणला नट-बोल्टचा कारखाना आहे. जर्मनीचा जुना ग्राहक आता टनामागे किती कार्बन उत्सर्जन झालं ते विचारतो. आकडे दिले नाहीत तर भाव पाडून मागेन म्हणतो. हे सगळं 'कार्बन लीकेज' रोखण्यासाठी आहे असं त्याचं म्हणणं. हे लीकेज खरंच होतं का, की युरोपने आपले कारखाने वाचवायला लावलेली ही नवी जकात आहे? आणि आम्ही करायचं काय?"

मी एनर्जी ऑडिट आणि कार्बन हिशेबाचं काम करतो. भट्ट्या, फोर्जिंग, फास्टनर हेच माझं रोजचं क्षेत्र, त्यामुळे हा प्रश्न आता जवळजवळ प्रत्येक निर्यातदाराकडून येतो. माझं मत आधीच सांगतो. लीकेज ही खरी अडचण आहे. पण आजवर ते जेवढं झालं त्यापेक्षा त्याच्या भीतीने हवामान धोरणाचं नुकसान जास्त केलं. सीमेवरचा कर त्यावर अर्धंच उत्तर देतो. उरलेलं अर्धं उत्तर जिथे माल बनतो त्या देशाने आपल्या घरात कार्बनला किंमत लावण्यात आहे, आणि ती लावण्यात आपला स्वार्थही आहे.

आधी लीकेज म्हणजे काय ते पाहू. एका देशाने कार्बनवर किंमत लावली, तिथलं पोलाद महागलं, आणि ते पोलाद किंमत नसलेल्या दुसऱ्या देशात बनू लागलं, तर पहिल्या देशाचे आकडे खाली येतात आणि जगाचं उत्सर्जन होतं तिथेच राहतं. दुसऱ्या देशातली भट्टी जुनी असेल तर उलट वाढतं. मोजण्याची रीत सोपी आहे: बाहेर वाढलेलं उत्सर्जन भागिले आत कमी झालेलं उत्सर्जन. आत 100 टन वाचले आणि बाहेर 15 टन वाढले, तर लीकेज 15 टक्के.

कारखाना बंद होऊन दुसरीकडे जाणं हे लीकेजचं सगळ्यात ठळक रूप, आणि चर्चा बहुतेक त्याचीच होते. त्याहून शांतपणे घडणारी गोष्ट म्हणजे नवी गुंतवणूक न येणं. जुनी ब्लास्ट फर्नेस (कोळशावर लोखंड बनवणारी मोठी भट्टी) कोणी उचलून नेत नाही. ती चालू राहते, पण तिचं अस्तर बदलायची वेळ आली की मालक विचार करतो की हा पैसा इथे घालायचा की दुसऱ्या खंडात. हे कुठल्याही वर्षाच्या आयात-निर्यातीच्या तक्त्यात दिसत नाही, वीस वर्षांनी दिसतं. तिसरा मार्ग इंधनाच्या भावातून जातो. एका मोठ्या प्रदेशाने कोळसा कमी जाळला की जागतिक बाजारात कोळसा स्वस्त होतो आणि दुसरा कोणीतरी तो जास्त जाळतो. अमेरिकेत शेल गॅस आला, तिथली वीजकेंद्रं गॅसवर गेली, आणि 2012 मध्ये अमेरिकेची कोळसा निर्यात विक्रमी पातळीला पोचली. त्यातला मोठा हिस्सा युरोपात जळला. तिथे कारण गॅसचा भाव होता, कार्बन कर नव्हता, पण यंत्रणा हीच. आणि या तिसऱ्या मार्गावर सीमेवरच्या कोणत्याही कराचा इलाज चालत नाही, कारण कोळशाच्या जागतिक भावाला सीमाशुल्काचं नाकं नसतं.

आता, हे खरंच घडलं का? युरोपची उत्सर्जन परवान्यांची बाजारपेठ (एक परवाना म्हणजे एक टन उत्सर्जनाची मुभा) 2005 मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यातले परवाने 2007 पर्यंत जवळजवळ शून्य भावाला आले, 2013 च्या आसपासही टनाचा भाव 5 युरोच्या खाली-वर होता. त्या काळातल्या प्रत्यक्ष व्यापाराचे आकडे तपासणाऱ्या बहुतेक अभ्यासकांना लीकेजचा ठोस पुरावा मिळाला नाही. संगणकी मॉडेलं मात्र पुढचा अंदाज जास्त देतात. 2014 मध्ये 25 अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी होती सीमेवर उपाय नसताना 14 टक्के आणि उपाय असताना 6 टक्के. म्हणजे शंभरातले चौदा टन बाहेर जातात, शहाऐंशी खरोखर वाचतात. "आम्ही कमी केलं तर सगळं चीन-भारतात जाईल" या वाक्यात आणि या आकड्यात बरंच अंतर आहे.

मात्र पुरावा मिळाला नाही याचं एक कारण असंही होतं की किंमत खऱ्या अर्थाने कोणी भरतच नव्हतं. लीकेजचा धोका असलेल्या उद्योगांची युरोपने यादी केली आणि त्यांना परवाने फुकट दिले. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं, सगळे त्या यादीत. सुरुवातीच्या वर्षांत काही कारखान्यांना गरजेपेक्षा जास्त परवाने मिळाले, त्यांनी ते साठवले, विकले. पुढे नियम आला की उत्पादन जुन्या पातळीच्या निम्म्याखाली गेलं तर फुकट परवाने कापले जातील. मग मंदीतही ग्रीस-स्पेनमधल्या काही सिमेंट कारखान्यांनी ती रेषा सांभाळण्यासाठी गरज नसताना क्लिंकर (ज्याची भुकटी करून सिमेंट बनतं तो भाजलेला माल) भाजलं आणि निर्यात केलं. लीकेज रोखण्याच्या नियमानेच जास्तीचा धूर काढला! या प्रकरणाबद्दल मला मनापासून चीड आहे, कारण वीस वर्षं जड उद्योगाला बदलण्याची सक्ती करण्याची संधी त्यात गेली.

भीतीचं राजकारण याहून जुनं आहे. उत्सर्जन कमी करण्याचा क्योटो करार डिसेंबर 1997 चा. त्याच्या पाच महिने आधी, जुलैमध्ये, अमेरिकी सिनेटने 95 विरुद्ध 0 मतांनी ठराव केला होता की विकसनशील देशांवर बंधन नसेल किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला मोठा फटका बसणार असेल तर असा करार नको. लीकेज हा शब्द तिथे नव्हता, पण मुद्दा तोच होता: कारखाने आणि नोकऱ्या मेक्सिको, चीन, भारताकडे जातील. अमेरिकेने क्योटोला कधीच मान्यता दिली नाही. आपली बाजूही तितकीच जुनी आणि खरी आहे. 1992 च्या हवामान करारात 'समान पण वेगवेगळी जबाबदारी' हे तत्त्व लिहिलेलं आहे. ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंती मिळवली त्यांनी आधी आणि जास्त करायचं. जोवर जबाबदारी वेगळी आहे तोवर कार्बनची किंमत वेगळी राहणार, आणि किंमत वेगळी राहील तोवर लीकेजची शक्यता राहणार. दोन न्याय्य गोष्टी इथे एकमेकींना छेद देतात, आणि पॅरिस करारानेही त्या जुळवल्या नाहीत. तिथे प्रत्येक देश आपलं उद्दिष्ट आपण ठरवतो.

म्हणून युरोपने सीमेवरचा मार्ग धरला: कार्बन बॉर्डर ॲडजस्टमेंट मेकॅनिझम, आपल्याकडे सगळे 'सीबॅम' म्हणतात. 1 ऑक्टोबर 2023 ते 31 डिसेंबर 2025 फक्त माहिती द्यायची होती. 1 जानेवारी 2026 पासून पैशाची जबाबदारी सुरू झाली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढे माल त्यात येतात. तुमचे नट-बोल्ट सीमाशुल्काच्या 7318 या शीर्षात आहेत, म्हणजे नक्की आत. 2026 च्या आयातीतल्या कार्बनसाठी घ्यावी लागणारी प्रमाणपत्रं फेब्रुवारी 2027 पासून विकली जातील आणि पहिलं वार्षिक विवरण 30 सप्टेंबर 2027 पर्यंत द्यायचं आहे. पैसे भरतो युरोपातला आयातदार, तुम्ही नाही. पण तो ते तुमच्या भावातून वळते करणार, म्हणूनच त्याचं ते पत्र.

अनेक निर्यातदार मला सांगतात की 2026 मध्ये फक्त अडीच टक्केच भरायचे आहेत. हे अर्धवट खरं आहे आणि त्याने भाव ठरवताना फसायला होतं. युरोपातल्या कारखान्यांचे फुकट परवाने 2026 मध्ये 2.5 टक्क्यांनी कापले जातात, 2030 मध्ये 48.5 टक्के कापलेले असतील आणि 2034 मध्ये पूर्ण संपतील. आयात मालाला सवलत मिळते ती याच फुकट परवान्यांच्या प्रमाणात, आणि ते परवाने ठरतात युरोपच्या बेंचमार्कवरून, म्हणजे त्या मालासाठी ठरवलेल्या टनामागच्या प्रमाण उत्सर्जनावरून, तुमच्या उत्सर्जनावरून नाही.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. ब्लास्ट फर्नेस मार्गाच्या वायर रॉडवर (ज्यातून बोल्ट बनतो ती पोलादी तार) टनाला 2.3 टन कार्बन डायऑक्साइड. एक टन बोल्टला कापाकापी, रिजेक्शन धरून साधारण 1.05 टन रॉड लागतो, म्हणजे बोल्टच्या टनाला 2.4 टन. बेंचमार्क 1.4 टन आणि परवान्याचा भाव 75 युरो धरा. 2026 मध्ये सवलत मिळेल 1.4 च्या 97.5 टक्के, म्हणजे 1.365 टन. उरले 1.035 टन, त्याचे सुमारे 78 युरो. युरोला ढोबळ 100 रुपये धरले तर किलोमागे पावणेआठ रुपयांच्या वर, तेही पहिल्याच वर्षी. 2030 मध्ये हाच आकडा 126 युरो होतो आणि 2034 मध्ये 180. बेंचमार्कपेक्षा तुमचं उत्सर्जन जेवढं जास्त, तेवढ्या फरकाचे पूर्ण पैसे पहिल्या दिवसापासून लागतात. अडीच टक्क्यांची गोष्ट फक्त बेंचमार्कएवढ्या स्वच्छ मालाला लागू आहे. भावही स्थिर नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याने पहिल्यांदा 100 युरो ओलांडले होते, नंतर उतरला.

2.4 मधला तुमच्या कारखान्याचा वाटा जवळजवळ नगण्य आहे. वायर ड्रॉइंग, कोल्ड हेडिंग, थ्रेड रोलिंग ही सगळी विजेवरची कामं, आणि पोलादासाठी सीबॅमचे पैसे सध्या फक्त थेट उत्सर्जनावर लागतात, विजेच्या उत्सर्जनावर नाही. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचा पीएनजी मोजला गेला तरी तो दशांशातला आकडा आहे. त्यामुळे "शेडवर सोलर बसवा, सीबॅम वाचेल" असं कोणी विकायला आलं तर त्याला नम्रपणे परत पाठवा. सोलर लाइट बिलासाठी जरूर बसवा. या हिशेबात त्याचा आज काही उपयोग नाही. तुमचा कार्बन तुमच्या वायर रॉडमध्ये आहे.

आता या व्यवस्थेने लीकेज थांबेल का? काही अंशी. युरोपात विकायचा माल बाहेरून आणून कार्बनची किंमत चुकवता येणार नाही, हे खरं काम ती करते. पण मालाची अदलाबदल ती रोखू शकत नाही. एखाद्या मोठ्या उत्पादकाकडे दोन प्लांट असतील, एक स्क्रॅपवर चालणारा आणि एक कोळशावर, तर तो पहिल्याचा माल युरोपला आणि दुसऱ्याचा बाकी जगाला पाठवेल. कागदोपत्री युरोपची आयात स्वच्छ झाली, धुराड्यात काहीच बदललं नाही. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये आयात विजेवर कार्बनची किंमत लावली तेव्हा शेजारच्या राज्यांच्या विजेबाबत हीच अडचण आली आणि तिथे अशा अदलाबदलीला मनाई करणारा वेगळा नियम करावा लागला. जालन्याचं उदाहरण घ्या. तिथल्या विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या स्क्रॅप आणि स्पंज आयर्नवर (न वितळवता खनिजातून काढलेलं लोखंड) चालतात, आणि आपल्याकडचं बरंचसं स्पंज आयर्न कोळशावर बनतं. तिथल्या सळ्या मुख्यतः आपल्याच इमारतींत जातात. सीबॅमचा त्यांच्याशी काहीही संबंध येत नाही. पण जगाच्या हवेला त्या सळीचा आणि तुमच्या बोल्टचा कार्बन सारखाच.

ॲल्युमिनियममध्ये ही त्रुटी आणखी मोठी आहे. एक टन धातूला 14 मेगावॉट-तासांच्या आसपास वीज लागते. कारखान्याच्या स्वतःच्या कोळशाच्या वीजकेंद्रावर ती बनली तर विजेचंच उत्सर्जन चौदा-पंधरा टनांवर जातं, आणि स्मेल्टरचं (धातू काढणाऱ्या कारखान्याचं) थेट उत्सर्जन दोन टनांच्या आत असतं. सीबॅम आज त्या दोन टनांचेच पैसे लावतो, कारण युरोप आपल्या स्मेल्टरना विजेच्या कार्बन खर्चाची भरपाई देतो आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत. कार्बन रोखण्यासाठीच्या यंत्रणेतून कार्बनचा सगळ्यात मोठा भाग निसटतो, याला मी गंभीर दोष मानतो.

मग ही जकात आहे का? माझं उत्तर: हेतू निव्वळ जकातीचा नाही, पण परिणाम अन्यायाचा आहे. हवामान कराराच्या कलम 3.5 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की एकतर्फी उपाययोजनांसह कोणतीही हवामान उपाययोजना मनमानी भेदभावाचं किंवा व्यापारावरच्या छुप्या निर्बंधाचं साधन बनू नये. जागतिक व्यापार संघटनेतही आपल्याला याचा अनुभव आहे. समुद्री कासवं वाचवणारी जाळी न वापरणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने बंद केली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड तक्रारीला गेले. 1998 च्या निकालात अपील मंडळाने म्हटलं की कासवं वाचवण्याचा हेतू नियमात बसतो, पण अमेरिकेने काही देशांशी वाटाघाटी केल्या आणि या देशांशी केल्या नाहीत, हा भेदभाव बसत नाही. सीबॅमवर कधी निकाल लागलाच तर तोही हेतूवर न लागता वापरण्याच्या पद्धतीवर लागेल असं मला वाटतं. फक्त त्या निकालावर तुमच्या ऑर्डर थांबवून ठेवू नका.

एकतर्फी पावलाला विरोध केल्याने काहीच होत नाही असं मात्र नाही. 2012 मध्ये युरोपने बाहेरून येणाऱ्या विमानांनाही परवाने लावले. भारत आणि चीनने आपल्या कंपन्यांना त्यात सामील होऊ दिलं नाही, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपने ते स्थगित केलं, आणि 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेत विमानांसाठी जागतिक योजना ठरली. ती योजना फार सौम्य आहे. पण दबावातून सामायिक नियम निघू शकतो, हे तिथे दिसलं. पोलादाबाबत ते कठीण आहे, कारण बोल्टचा कंटेनर युरोपच्या बंदरात उतरतोच आणि आयातदार त्यांचाच नागरिक आहे.

माझा खरा आक्षेप पैशावर आहे. भारतीय पोलादाच्या कार्बनचे पैसे युरोपच्या तिजोरीत जातात आणि ज्या भट्ट्या बदलायला हव्यात त्या भिलाईत, रायपुरात, जालन्यात आहेत. ते पैसे इथे राहण्याचा एकच मार्ग नियमात दिला आहे: माल बनला त्या देशात भरलेली कार्बनची किंमत वजा होते. आपल्याकडे 2010 पासून कोळशावर टनाला 50 रुपये उपकर होता, 2016 मध्ये तो 400 झाला. टनभर देशी कोळशातून दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं तर तो टन कार्बनला तीन युरोही पडत नव्हता, आणि तो कोळशाच्या वजनावर असल्याने वजावटीत बसवणं अवघडच होतं. सप्टेंबर 2025 मध्ये तो रद्द होऊन जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. आता आपली स्वतःची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना आली आहे. 2023 मध्ये ती अधिसूचित झाली, आणि 2025 मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद यांना उत्सर्जन-तीव्रतेची लक्ष्यं मिळाली. पोलाद त्या पहिल्या यादीत नव्हतं. शिवाय ही योजना लक्ष्याच्या वर गेलेल्या टनांचेच पैसे घेते, सगळ्या टनांचे नाही. त्यामुळे सरासरी भरलेली किंमत अगदी थोडी निघणार आणि वजावटही तेवढीच मिळणार. युरोपने वीस वर्षं फुकट परवान्यांनी जे केलं त्याचंच हे आपलं रूप आहे. निदान निर्यातीच्या मालावर पूर्ण किंमत इथेच लावून तो निधी छोट्या भट्ट्यांच्या बदलासाठी राखून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. विरोधही करावा आणि हेही करावं; दोन्हींत विसंगती नाही.

आता तुमचं काम. ग्राहकाला पहिलं विचारा की त्याची वर्षभराची सीबॅम मालाची एकूण आयात 50 टनांच्या वर आहे का. 2025 च्या बदलानंतर त्याखालचा आयातदार सुटतो. पण ही मर्यादा त्याच्या सगळ्या पुरवठादारांची मिळून आहे, तुमचे फक्त आठ टन असले तरी फरक पडत नाही. तो आत असेल तर माहिती न देणं हा सर्वांत महागडा पर्याय आहे. मग डिफॉल्ट मूल्यं, म्हणजे खरा आकडा नसताना धरायचे ठरलेले आकडे, लागतात, आणि ती मुद्दाम चढी ठेवलेली आहेत.

खरी अडचण वायर रॉडच्या माहितीत येते. मोठ्या एकात्मिक मिलकडून थेट घेत असाल तर त्यांच्याकडे प्लांटनिहाय उत्सर्जनाचा आकडा तयार असतो, मागायचा अवकाश. अडतो तो माल व्यापाऱ्याकडून आलेला. एका कारखान्यात मी स्वतः कॉइलचे टॅग वाचत बसलो होतो. त्यातल्या काहींवर री-रोलरचं (दुसऱ्याचं पोलाद विकत घेऊन रॉड लाटणाऱ्याचं) नाव होतं, हीट नंबर होता, पण बिलेट (रॉड लाटण्याआधीचा पोलादाचा ठोकळा) कोणत्या भट्टीची हे री-रोलरलाही सांगता येईना, कारण त्याच्या यार्डात तीन ठिकाणच्या बिलेट एकत्र रचलेल्या होत्या. तिथे साखळी तुटली, आणि पूर्ण लॉट डिफॉल्टमध्ये गेला. तेव्हा युरोपच्या ऑर्डरसाठी रॉडचा साठा आजपासून वेगळा ठेवा, खरेदीच्या ऑर्डरवरच लिहा की मिल टेस्ट सर्टिफिकेटसोबत प्लांटचं नाव, प्रक्रिया मार्ग आणि टनामागे थेट उत्सर्जन हवं. जॉब वर्कला बाहेर पाठवत असाल तर त्या हीट ट्रीटमेंटवाल्याचं गॅस बिल आणि त्या महिन्यातलं एकूण टनेज मागा. तेवढ्यावर वाटणी काढता येते. 2026 पासूनचे आकडे मान्यताप्राप्त पडताळणीदाराकडून तपासून घ्यावे लागतात, म्हणून एक्सेलमधला आकडा पुरत नाही, त्यामागचं बिल आणि गेट पास जोडलेला हवा.

स्क्रॅपवर बनलेला रॉड घ्यावा का? त्याचं उत्सर्जन बरंच कमी असतं, पण त्याचा बेंचमार्कही वेगळा आणि कमी आहे, त्यामुळे आज फरक वाटतो तितका मोठा पडत नाही. फुकट परवाने जसे संपतील तसा तो वाढत जाईल. 2028-29 च्या पुढचे करार बोलत असाल तर आत्ताच एका अशा मिलचे नमुने हेडिंगवर चालवून पाहा. उच्च ताकदीच्या ग्रेडमध्ये स्क्रॅपमधल्या तांब्याचा त्रास होतो, आणि ग्राहकाची मंजुरी मिळायला वेळ लागतो. ब्रिटनला माल जात असेल तर त्यांचा स्वतंत्र कर 1 जानेवारी 2027 पासून आहे. नोंदी त्याच कामी येतील, फॉर्म वेगळा असेल.

आणि ग्राहकाशी भावाचं बोलणं आकडा हातात आल्यावरच करा. "तुम्ही 2.4 धरलेत, आमच्या मिलचा पडताळलेला आकडा 2.1 आहे" एवढं कागदावर दाखवता आलं तर 75 युरोच्या भावाने टनाला साडेबावीस युरो तुमच्या बाजूला येतात.